इंधन-इशारा दिव्याबाबत चौथा अर्ज

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
जप्त वाहन विभाग,
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : घरी बनवलेल्या व सध्या आपल्या आवारात जप्त असलेल्या चारचाकीतील इंधन-इशारा दिव्याबाबतचे माझे तीनही अर्ज मागे घेणे, व अन्य विनंत्या.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली तीन उत्तरे, पैकी शेवटचे मला इस्पितळाच्या खाटेवर मिळाले.

महोदय,

१. मी गाड्यांचा रंगारी आहे. वरील वाहन माझे सासरे (वेल्डर, आता मयत), माझा मेहुणा (गाड्यांचा वायरमन) आणि मी, अशा तिघांनी सासऱ्यांच्या परसात आठ महिने खपून तयार केले. सांगाडा सासऱ्यांचा, वायरिंग मेहुण्याचे, रंग माझा. टाकी प्लास्टिकची असून तिला काटा नाही. त्याऐवजी मेहुण्याने टाकीत सेन्सर बसवला होता. पेट्रोल तळाला गेले की आतला तरंगता गोळा खाली येतो आणि स्टिअरिंगजवळ लाल दिवा लागतो. दिवा लागल्यापासून निदान पंधरा किलोमीटर गाडी जाईल, असे मेहुण्याने सांगितले होते. त्या भरवशावर मी टाकीत काठी घालून बघणे सोडून दिले.

२. सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा भर दुपार होती व हाताशी हीच गाडी होती. मी चालवत होतो. मेहुणा वडिलांचे डोके मांडीवर घेऊन मागे बसला होता. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. दिवा लागलेला नव्हता. आम्ही गाडी ढकलली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, सासरे पुलावरच गेले. ते गेल्याचे कळताच मेहुण्याने माझे तोंड पुलाच्या कठड्यावर आपटले. माझे दोन दात तिथेच राहिले, त्यांची पंचनाम्यात नोंद नाही. लोकांनी आम्हाला सोडवेपर्यंत क्रेनने गाडी आपल्याकडे आणली होती. किल्ली फिरवून दिवा बघावा, हे दोघांनाही सुचले नाही.

३. मेहुण्याचे म्हणणे एकच आहे : "भाऊजी, मी दिवा लावून बघितला होता. तो लागलाच असणार. तुम्ही बघितला नाही." (मारतानाही तो मला अहो-जाहो करतो, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.) माझे म्हणणे असे की दिवा लागला नाही, अर्थात वायरिंग कच्चे होते. आम्हा दोघांपैकी एकाने म्हाताऱ्याचा जीव घेतला, यावर आमचे एकमत होते. कोणी, एवढेच ठरायचे होते, आणि ते ठरवणारी गाडी आपल्या ताब्यात होती.

४. म्हणून मी पहिला अर्ज केला की दोघांसमक्ष किल्ली फिरवून दिवा तपासावा. आपण कळवले की जप्त वाहनांची बॅटरी नियमानुसार काढली जाते, ती वाहन सुटल्यावरच बसवता येईल. हे उत्तर यायला एकवीस दिवस लागले. मेहुण्याला ते पटले नाही व त्याने जॅकच्या दांड्याने माझ्या दोन बरगड्या मोडल्या, त्याला एक मिनिट लागले.

दुसऱ्या अर्जात मी वाहन सोडण्याची विनंती केली. आपण कळवले की तपासणी झाल्याशिवाय वाहन सुटत नाही. ते उत्तर खिशात घालून मी मेहुण्याच्या दुकानात गेलो. त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटले. ज्या हाताने कच्चे काम केले तो उजवा हात मी त्याच्याच टेबलाला ठोकलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि दांडा तीन फेरे फिरवला. हाडे मोडल्याचा आवाज मी ऐकला. चौथा फेरा शेजारच्या दुकानदारांनी फिरवू दिला नाही.

मग तपासणी करावी व तीतच दिवा बघावा, असा तिसरा अर्ज देऊन मी घरी पोचण्याआधीच मेहुणा गल्लीत उभा होता. त्याने डाव्या हाताने पाइप घालून माझी नडगी फोडली. आपले तिसरे उत्तर असे की तपासणीच्या नमुन्यात सदर दिव्याचा रकाना नसल्याने अभिप्राय देता येत नाही. मात्र आपल्याच शिफारशीवरून माझ्या दारात एक पोलीस शिपाई बसवण्यात आला, याबद्दल मी आभारी होतो.

५. माझी पत्नी एक दिवस भावाच्या हाताचे प्लास्टर बघायला जाते आणि एक दिवस माझ्या पायाचे बघते. ती मला एवढेच म्हणाली : "बाबांच्या मागे तुम्ही दोघंच उरलात, आणि मला दोघंही नको झालात."

६. गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी कुबड्यांवर आपल्या आवारात शिरलो. पिशवीत बॅटरी होती. रखवालदाराने लंगड्या माणसाला हटकले नाही, त्याला दोष देऊ नये. मी बॅटरी जोडली, रिकाम्या टाकीवर किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथे एकटाच मोठ्याने हसलो. मग त्याचे कच्चे काम शोधावे म्हणून वायर धरून मागे मागे गेलो. एकेक जोड डाग देऊन, टेप गुंडाळून पक्का केलेला होता. एवढे नेटके काम मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाही.

शेवटी अर्थिंगच्या बोल्टपाशी आलो. टाकी प्लास्टिकची असल्याने सेन्सरची एक वायर सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला टेकवावी लागते, तरच दिवा लागतो. त्यासाठी मेहुण्याने सांगाडा नाण्याएवढा खरवडला होता आणि दिवा लावून बघितला होता. तो खरेच लागला होता. नंतर शेवटचा हात मारताना मला ती उघडी जागा दिसली. या वायरमन लोकांना रंगाची किंमत नसते, असे मनात म्हणून मी बोल्ट काढला, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले, आणि रंगावर ओरखडा नको म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी वायसर घालून बोल्ट पुन्हा आवळला. मेहुण्याला सांगावे असे त्यात काही वाटले नाही. गुरुवारी मी तो रंग खरवडून वायर लोखंडाला टेकवली. दिवा लागला.

७. सबब विनंती की :

(अ) माझे तीनही अर्ज रद्द समजावेत. त्यांतले 'कच्चे वायरिंग' हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खोडून, वायरिंग निर्दोष होते, अशी नोंद घ्यावी.

(आ) जप्त वाहनास हात लावल्याबद्दल माझ्यावर जी होईल ती कारवाई करावी.

(इ) या अर्जाची प्रत मेहुण्यास कार्यालयामार्फत पाठवावी. मी स्वतः सांगायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परतलो. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे आता मिटणार नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. त्याला वायर पिळता येणार नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते.

(ई) प्रत त्याला ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी सकाळीच माझ्या दारातला शिपाई काढून घ्यावा. पत्नीला मी तिच्या मावशीकडे पाठवले आहे. मी घरी एकटा असेन व दार उघडे ठेवीन.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार रंगारी

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) मेहुण्याच्या हाताचा वैद्यकीय अहवाल, एक प्रत.
२) रबरी वायसर, दोन नग.