तिसऱ्या मजल्याचे हिरवे ठिपके

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! सहावीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हा पोरगा कॉलेजची पायरी चढायचा नाही. आज दिवसभरात नऊ वेळा चढलो. हातात झाडू होता, ती गोष्ट वेगळी. एका जागी आपलं बूड टिकत नाही हे खरं. गॅरेज झालं, बेकरी झाली, लोखंडाचं गोदाम झालं. पण इथे टिकणार. विद्यापीठातल्या मुलांच्या होस्टेलचा तिसरा मजला माझ्याकडे. चोवीस खोल्या झाडायच्या, पुसायच्या, दोन वेळचे डबे दारात ठेवायचे, रिकामे उचलायचे.

खरं कारण खोली नंबर ३१२. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. लहानपणापासून पुस्तकात नाक, म्हणून घरात सगळे त्याला पंतोजी म्हणतात. दोन सुट्ट्या गेल्या, घरी आलेला नाही. नुसते मेसेज. आईने बजावून पाठवलंय की काम कर, पण येताना त्याला कान धरून घेऊन ये. ही वही त्यानेच मागे दिली होती. म्हणाला होता, दादा, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षरं गंजतील तुझी.

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्याच्याकडे गेलो. मोबाइलवरून मान न उचलता हसला, आलास का म्हणाला. अभ्यासाने दमला असेल.

६ फेब्रुवारी

मजला इतका शांत की स्वतःच्याच झाडूचा आवाज नकोसा होतो. वॉचमनकाका म्हणतात, नशीब काढलंस लेका, आधीची पोरं दारं तोडायची, नळ उपटायची. ही तर गरीब गाय. हजेरीलासुद्धा उठवावं लागत नाही. सकाळी दहाला प्रत्येकाच्या मोबाइलवर प्रश्न येतो, खोलीत आहात का. बोट टेकवलं की रेक्टरबाईंच्या पडद्यावर हिरवा ठिपका. चोवीस खोल्या, चोवीस ठिपके.

डबे मात्र अर्धेअधिक भरलेलेच परत येतात. काकांना विचारलं, ही पोरं जगतात कशावर? ते म्हणाले, जेवणाचे व्हिडिओ बघून ढेकर देत असतील.

पंतोजीच्या पायांखालून रोज झाडू फिरवतो. तो पाय उचलतो. नजर मोबाइलवरच.

११ फेब्रुवारी

कालपासून वीज नाही, ट्रान्सफॉर्मर जळला. दुपारपर्यंत सगळ्यांचे मोबाइल विझले. मेसमध्ये जनरेटर आहे, म्हणून मी डोकं चालवलं. मोठा ट्रे घेतला, प्रत्येक मोबाइलला खोलीचा नंबर चिकटवला आणि चोवीसच्या चोवीस तिकडे चार्जिंगला लावून आलो.

परत येऊन बघतो तर मजल्यावर जत्रा! सगळी दारं उघडी. पोरं जिन्यात बसलेली, डोळे चोळत, लांबच्या आजारातून उठल्यासारखी. एकाने मला विचारलं, महिना कुठला चाललाय. पंतोजी समोर आला आणि म्हणाला, दादा, तू कधी आलास? मी हसलो. आठवडा झाला रे तुझी खोली झाडतोय! मग तो दोन डबे जेवला, माझ्याच हातातले. जेवता जेवता रडायला लागला. म्हणाला, तो मोबाइल परत आणू नकोस, फेकून दे कुठेतरी. मला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा आला असेल. अशी नाटकं मीही केलीत.

चारला मोबाइल वाटले. नंबर वाचून वाचून, एकाचीही अदलाबदल नाही. रेक्टरबाईंनी शाबासकी दिली. पाच मिनिटांत सगळी दारं लागली.

१५ फेब्रुवारी

३०७ झाडायला गेलो. मुलगा नाही. चपला दाराशी, चष्मा टेबलावर. पलंगावर त्याचे कपडे, माणूस बसल्यासारखे, शर्टाची सगळी बटणं लावलेली. बाहीच्या टोकाशी मोबाइल. तेवढ्यात दहा वाजले. प्रश्न आला. कुणी हात लावला नाही. हिरवं झालं.

धावत रेक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी पडदा दाखवला. ३०७ हजर. त्याच्या आईला सकाळीच मेसेज गेलाय, जेवलो, काळजी करू नकोस. बाई म्हणाल्या, झाडायचं सोडून लोकांचे कपडे काय बघत बसतोस?

१७ फेब्रुवारी

३०९. ३१५. ३२०.

तशीच बटणं. तसेच कपडे, माणूस नाही. मोबाइल उचलून बघितला, तापल्या कपाळासारखा गरम. आत खूप जण हळू बोलत असल्यासारखं काहीतरी.

काका वर यायला तयार नाहीत. ठिपके चोवीस आहेत ना, मग झालं, म्हणतात.

१८ फेब्रुवारी

पंतोजीच्या बोटांमधून पडद्याचा उजेड आरपार दिसतो. खोटं नाही. नखं, हाडं, काही आड येत नाही.

मोबाइल हिसकावला. त्याचा श्वास थांबला. ओठ काळे पडले. मी सत्तरपर्यंत मोजलं, छाती हलेना. परत हातात दिला तेव्हा हलली.

वीज गेली त्या दिवशी मोबाइलशिवाय तो दोन डबे जेवला होता. त्या दिवशी अख्खा होता. आता निम्मा तिकडे गेलाय. तो सांगत होता, फेकून दे म्हणून. आणि मी नंबर वाचून वाचून—

मी. माझ्या हाताने.

१९ फेब्रुवारी

मेन स्विच पाडला. वायर कापली. मोबाइल विझत नाहीत. शंभर टक्के, सगळे.

काकांच्या फोनवरून आईला लावला. ती हसत होती. म्हणे आत्ताच पंतोजीचा मेसेज आला, दादा मजेत आहे, सुट्टीत आम्ही दोघंही येत नाही. मी ओरडलो, आई, ते तो लिहीत नाही गं, तू ये, आत्ताच्या आत्ता नीघ. ती म्हणाली, तो शिकला म्हणून त्याच्यावर जळू नकोस.

फोन ठेवला तिने.

२० फेब्रुवारी

उचलून नेतोय त्याला. मोबाइल मुठीला बांधलाय. वजन नाही, वाळत घातलेला कपडा उचलावा तसा—

दुसरा मजला. भर दुपार आहे. खाली पोरं चालतात, कुणी मान वर करत नाही. दोनदा हाका मारल्या.

तो बोलतोय. ओठ हलतात, आवाज मोबाइलमधून—

नंतर

गेटपाशी. हातात शर्ट. नुसता शर्ट. बटणं लावलेली.

आत आहे तो. काचेच्या मागे त्याचा तळवा, टेकवलेला. दादा म्हणतोय. मागे खूप जण आहेत, ३०७चा, सगळे—

डाव्या हाताने लिहितोय. उजवा आत घातलाय. काच लागली नाही. कोमट आहे. कोपरापर्यंत गेला.

सापडला! त्याचंच मनगट. घट्ट धरलंय. आई, धरलाय मी त्याला, आणतो, सोडणार नाही, जोर लावून ओढतोय पण तो येत नाही, मीच