रिकाम्या खुर्चीचं भाषण

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (माझा गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला लागतील तेवढीच सध्या धर. बाकीची भेटीत.) इकडे सगळे ठीक. हिचा खोकला गेला, तो मला लागला. तुझी तब्येत विचारणार होतो, पण तू ‘मला काय धाड भरलीये’ असंच कळवणार, म्हणून विचारत नाही, सांगतोच: रक्तदाबाची गोळी अर्धी तोडून घेऊ नकोस. डॉक्टरांनी सबंध गोळी सांगितली ती काही हौस म्हणून नाही. आणि शेजारच्या शिंपीणबाईंना एकदा नीट समजावून सांग, की भाचा संसदेत ‘आहे’ याचा अर्थ तो निवडून आलाय असा होत नाही. मागच्या खेपेला त्या बाईंनी माझ्या हातात गटाराच्या झाकणाचं निवेदन ठेवलं, आणि मी ते मुकाट्याने घेतलं, कारण तू त्यांच्या मागे उभी राहून डोळे वटारत होतीस. ते निवेदन अजून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे आणि झाकण अजून गटारावर नाही.

माझं काम काय ते तुला हजारदा सांगून झालंय. तरी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सभागृहाच्या वरच्या अंगाला एक काचेची खोली आहे. तिथे मी कानाला हेडफोन लावून बसतो. पुढ्यात एक फळी, फळीवर खालच्या प्रत्येक खुर्चीचा एक दिवा आणि एक बटण. कुणाला बोलायचं असलं की तो आपल्या बाकावरची कळ दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो, अध्यक्षांच्या समोर तोच आकडा उमटतो. अध्यक्ष आकडा पुकारतात, मी बटण दाबतो, माईक सुरू. आमच्याकडे सदस्याला नावाने पुकारायचं नाही, खुर्चीच्या आकड्याने पुकारायचं, असा जुना रिवाज आहे. (कुणाचं तरी नाव चुकीचं घेतलं म्हणून एकदा खुर्च्याच फेकल्या गेल्या म्हणे. तेव्हापासून नावं बंद केली आणि खुर्च्या जमिनीला ठोकल्या.) थोडक्यात, खाली कितीही मोठा माणूस असो, त्याचा आवाज पोचायचा की नाही हे माझ्या अंगठ्यावर असतं. घरी मात्र टीव्हीचा आवाज कमी करायचीही मला परवानगी नाही.

तर परवा ते विधेयक आलं. पेपरवाले त्याला न्याय, पोलीस आणि समानता सुधारणा असं लांबलचक काहीतरी म्हणतात, पण आपल्या घरात ते तुझं विधेयक. ‘तुमच्यासारख्यांना खोली मिळणार नाही’ असं घरमालक भोंग्याला तोंडावर म्हणाला, भोंग्या त्याच्याशी भांडला, आणि पोलीस आले ते घरमालकाला नमस्कार करून भोंग्यालाच घेऊन गेले. तेव्हापासून चौकीत जावं तर एकच उत्तर, असा कुणी माणूस आमच्याकडे आणलेलाच नाही. आता हे मी तुला कशाला सांगतोय? मुलगा तुझा, उंबरे तू झिजवलेस. पण आत्या, त्याच्याबद्दल लिहायला घेतलं की मला पहिल्यापासूनच लिहावं लागतं, मधून सुरू करताच येत नाही. सगळी गल्ली त्याला भोंग्या म्हणायची ती त्या शिट्टीपायी. दिवसभर सायकलींची पंक्चरं काढत बसायचा आणि पुढच्या दातांच्या फटीतून तीच एक चाल वाजवायचा, तीही अर्धी. मधल्या एका वळणावर अडकला की पुन्हा पहिल्यापासून. तू हातात झाडू घेऊन बाहेर यायचीस आणि ओरडायचीस, की मेल्या, एकदा पुरी तरी कर, नाहीतर बंद तरी कर. तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

आणि मास्तर. शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली एकशे अठरा नंबरची खुर्ची त्यांची. राजकारणात येऊनही त्यांची शिकवायची सवय गेली नव्हती, मंत्र्याचं वाक्य चुकलं तर जागेवरून दुरुस्त करायचे. तू त्यांच्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसलीस, त्यांनी तुला कितीदा उठवलं, आणि शेवटी दमून तेच तुझ्याशेजारी पायरीवर बसले, ही हकिकत ते चहाच्या वेळी मला फार रंगवून सांगायचे. त्या पायरीवरच त्यांनी ती दुरुस्ती तयार केली: पोलिसांनी नेलेला माणूस कुठे आहे ते घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं, आणि आजवर ज्यांना नेलं त्यांचंही सांगायचं, मग उत्तर काहीही असो. पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे. विधेयक यायच्या आधीच मास्तर गेले. आता आमचा नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्यानेच उभं राहून मांडायची, तो हजर नसला तर दुरुस्ती बाद. दुसरं कुणी ती आपल्या अंगावर घ्यायला तयार नव्हतं. सत्तेतल्यांना पोलीस खात्याची भीती, आणि विरोधातले मागच्या वेळी तेच खातं सांभाळत होते. मी तुला फोनवर ‘बघू या’ म्हणालो होतो ना, ते उगीच म्हणालो होतो. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, सभागृह नेहमीसारखं सुस्तावलेलं होतं. निम्मे सदस्य चहाला, उरलेल्यांतले निम्मे झोपेत. (झोपेत कोण आहे हे वरून फार छान दिसतं. टकलं एका बाजूला कलतात.) समानतेचं कलम झालं, त्यावर सगळ्यांनी सगळ्यांना समान मानून टाळ्या वाजवल्या. पोलिसांचं कलम आलं. अध्यक्षांनी मान खाली घालूनच विचारलं, की यावर कुणाची दुरुस्ती आहे का. मी आपला खोकल्याची गोळी चघळत फळीकडे बघत होतो. फळी सगळी काळी होती. आणि एकशे अठराचा दिवा लागला.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? ओरडेल, निदान उठून उभा तरी राहील. मी खाली बघितलं, खुर्ची रिकामी. पण आत्या, वीस-बावीस वर्षांची सवय म्हणजे काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं. अध्यक्षांनी समोरचा आकडा वाचला, मान वर न करता म्हणाले, ‘एकशे अठरा, बोला’, आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. मी नाही दाबलं. अंगठ्याने दाबलं. पाणी देणारा शिपाई तो आकडा ऐकून भरलेला पेला घेऊन लगबगीने कोपऱ्यात गेला, बाकावर ठेवला, मास्तरांना वाकायचा तसा थोडा वाकला आणि परत आला. शेजारचे तेल गिरणीवाले सदस्य, ज्यांनी मास्तर गेल्यापासून त्या खुर्चीवर आपल्या फायलींचा संसार मांडला होता, त्यांनी डुलकीतच त्या उचलल्या, मांडीवर घेतल्या आणि कुणाला आत जायला वाट द्यावी तसे गुडघे बाजूला केले. नंतर विचारलं तर त्यांना यातलं काही आठवत नाही.

मग टक, टक असा आवाज आला. तुला आठवत असेल, मास्तर बोलण्याआधी चष्म्याची काडी माईकवर आपटायचे. तो आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला. झोपलेले जागे झाले. जो सदस्य आईच्या पोटातून हरकत घेत घेतच बाहेर आला असावा, तो सवयीने उठला, तोंड उघडलं, आणि तसाच खाली बसला. त्यानंतर शब्द एकही नाही. नुसता उघडा माईक. मला वाटलं आता कुणी तरी विचारेल की हे काय चाललंय. कुणी विचारलं नाही. सगळे माना खाली घालून बसले होते, आणि वरून मी पाहत होतो ना, त्यांतल्या कितीतरी जणांच्या माना ऐकणाऱ्यासारख्या मधूनमधून हलत होत्या. एसीचा वारा नेहमीचाच, पण माझ्या खोलीची काच आतून धुरकट झाली, ती बाहीने पुसली तरी पुन्हा झालीच. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा एकशे अठराचा दिवा आपला आपण विझला. मास्तरांनी कधी वेळ ओलांडली नाही.

आणि मग गृहमंत्री उत्तराला उभे राहिले. यांची उत्तर द्यायची एक ठरलेली पद्धत आहे, मी ती झोपेतही म्हणून दाखवीन: ‘सन्माननीय सदस्यांनी पोटतिडकीने मांडलेल्या भावनांशी सरकार पूर्णपणे सहमत आहे, पण’, आणि मग त्या ‘पण’नंतर सदस्याने दुरुस्ती मागे घ्यायची, तो घेतो, सगळे चहाला जातात. मंत्री उभे राहिले, सहमत आहे इथपर्यंत आले, आणि त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. काय दिसलं ते त्यांनाच माहीत. चेहरा पिठासारखा पांढरा झाला. ओठ हलले, आवाज आला नाही (माईक चालू होता, माझी शपथ), आणि ते खाली बसले. इतक्या वर्षांत त्या माणसाचं ‘पण’ न येता संपलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सरकार सहमत आहे म्हटल्यावर अध्यक्षांनी मत विचारलं, सगळे ‘होय’ म्हणाले, आणि आत्या, तुझी दुरुस्ती मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी गोंधळ होईल म्हणून मी खोकल्याचं कारण सांगून घरी राहणार होतो. पण गोंधळ कोण घालणार? मंत्री म्हणणार, की मी न झालेल्या भाषणाला उत्तर दिलं? अध्यक्ष म्हणणार, की मी कोण बोलतंय ते बघितलंच नाही? विरोधक म्हणणार, की आम्ही झोपलो होतो? सगळ्यांनी मिळून ठरवलं, की भाषण झालं. एका पेपरात तर ‘मोजकं पण प्रभावी’ असं छापूनही आलं. पाण्याचा शिपाई तेवढा वर येऊन मला हळूच विचारून गेला, की पेला रिकामा कुणी केला. मी त्याला म्हटलं, तेल गिरणीवाल्यांनी केला असेल. तो बरं म्हणाला, पण जिना उतरताना भिंतीला धरून उतरला.

तर असं झालं बघ. कायदा लवकरच लागू होईल आणि भोंग्या कुठे आहे हे पोलिसांना तुला सांगावंच लागेल. तू जिंकलीस. सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचे त्याला वाटून दे, आणि शिंपीणबाईंना सांग, झाकणाचं बघतो.

तुझा,
संसदेत ‘असलेला’ भाचा

ता. क. वायरमनला मी त्या खुर्चीची लाईन तपासायला लावली. दिव्यात बिघाड असणार, असं मला मनापासून वाटत होतं. त्याने बाकाखालची पेटी उघडून दाखवली. मास्तर गेल्यावर त्यानेच ती वायर कापली होती, टोकाला काळी पट्टी गुंडाळली होती, आणि ती तशीच होती. असो. गोळी सबंध घे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आत्या, खाली सगळ्यांनी नुसता उघडा माईक ऐकला असेल. मी हेडफोनमध्ये ऐकत होतो. मास्तरांनी काडी आपटली, पण बोलायला उभं दुसऱ्यालाच केलं होतं. आधी कुठेतरी नळ गळत होता. आमच्या सभागृहात नळ नाही. मग लांबवर एक लोखंडी दार लागलं. आणि मग दातांच्या फटीतून शिट्टी. आपल्याच भोंग्याची, तुझ्या पायाची शपथ घेऊन सांगतो, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. त्या वळणावर आला तेव्हा मी श्वास धरला, की आता अडकणार, पुन्हा पहिल्यापासून. नाही अडकला ग. पुढे गेला. चाल पुरी केली त्याने, शेवटपर्यंत, आणि मग दिवा विझला. एवढं एकच सांगायला पत्र लिहायला बसलो होतो आणि गटाराच्या झाकणात जाऊन अडकलो. माझी विनंती अशी आहे, की चौकीतून निरोप येईल तेव्हा तू एकटी जाऊ नकोस. मी रजा टाकली आहे, येतोय. मला घेतल्याशिवाय त्या पायऱ्या चढायच्या नाहीत. आणि तो गेल्यापासून तू दाराला कडी लावत नाहीस, हे मला माहीत आहे. आता लावत जा.

तिसरा ता. क. कडीचं लिहिलंय ते ऐकू नकोस. मी येईपर्यंत दार उघडंच राहू दे.