कोबी आणि सळई

प्रिय ताई, तुला आणि दाजींना वाकून नमस्कार.

आमच्या रेडिओ केंद्राची बातमी ऐकली असशील. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. दाजींचा गुडघा कसा आहे?

नाटकात डोकं फुटल्याचा आवाज आम्ही कोबीवर काठी मारून काढतो. मंगळवारी ते काम आमच्या निवेदकाने हौसेने मागून घेतलं. मी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून, सवयीप्रमाणे डोळे मिटून ऐकत होतो. धपधप आवाज आले. मला ते खोटे वाटले. मी माईकवरून म्हणालो, "अरे, जेवला नाहीस का? जोरात मार."

लगेच फटका जोरात बसला.

डोळे उघडले, तर काचेपलीकडे दोघेजण त्याला लोखंडी सळईने मारत होते. त्याने बातम्यांत त्यांची लबाडी उघड केली होती. माझं बोलणं त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं. मी धावत पोचेपर्यंत ते पळाले. कोबी टेबलावर तसाच होता.

त्याचा जबडा तारांनी बांधलाय. आवाज पहिल्यासारखा येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. काल त्याने मला कागदावर लिहून दिलं, "बोलता आलं की तुला पोटभर शिव्या घालीन."

ताई, त्या शिव्या मला ऐकायला मिळोत, एवढंच देवाजवळ माग.

तुझा धाकटा भाऊ