मतदानाच्या आधी पोचावं म्हणून

काबूल, खैरखाना
१९ मीझान, गुरुवार

आदरणीय आपा,

सलाम. तुमचे हात डोळ्यांना लावते. इथे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही, निगार आणि तिची पोरं तिकडे इराणात, मशहदला सुखरूप असाल अशी आशा करते. थंडी सुरू झाली की तुमचे गुडघे धरतात, म्हणून लोकरीचे पायमोजे विणून पाठवतेय. सोबत गावाकडची, अंदराबची सुकी तुती आहे, यंदाची. माझी मावसबहीण फझीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी उद्या सकाळी तिकडे निघतेय, तिच्याच हाती हे पत्र देते. फोन केला असता, पण या घरातल्या फोनवर काय बोलावं आणि काय नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्हाला राग येईल. पाकीट न फोडता चुलीत घालावंसं वाटेल. तसं करू नका, शेवटपर्यंत वाचा.

हे संसदेच्या निवडणुकीला उभे आहेत, ते तुमच्या कानावर आलंच असेल. काबूलच्या प्रत्येक खांबावर तुमच्या भावाचा फोटो आहे. कोट घातलेला, दाढी बारीक केलेली. खाली लिहिलंय, ‘करीमदाद अंदराबी. ज्याला देश ठाऊक आहे.’ शकीबा कॉलेजातून आली की म्हणते, “आई, आज बाबांच्या मिशीवर कबूतर बसलं होतं.” गुप्तचर खात्यातून यांना काढलं, त्यानंतर दोन वर्षं हे अंगणात खुर्ची टाकून बसून असायचे. ज्या माणसाच्या एका फोनवर मंत्री उठून उभे राहायचे, त्याला भाजीवाल्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. म्हणून उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात पुन्हा माणसं यायला लागली. दिवसभर चहाचा समोवार उतरत नाही.

आणि बोलतात छान. पुल-ए-खुमरीत तुमच्या नवऱ्याच्या तंदूरमागे बसून अभ्यास केला, बहिणीने स्वतः कोरडी भाकरी खाऊन मला गरम नान दिला, हे प्रत्येक सभेत सांगतात. तुमचं नाव घेतात. लोकांचे डोळे भरून येतात. ते खरंच आहे, त्यात एक शब्द वाढवलेला नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीमागच्या मैदानात तंबू ठोकून सभा होती. मी बायकांच्या बाजूला बसले होते. हे बोलत असताना मधेच एक म्हातारी उभी राहिली. बुरखा मागे टाकलेला, हातात काठी. कुणी बस म्हणालं तर त्याच्यावरच काठी उगारली. म्हणाली, “जनरलसाहेब, या शहरातलं उंदराचं बीळसुद्धा तुम्हाला ठाऊक होतं म्हणतात. माझा हारून भाजी आणायला गेला, तो तुमच्या माणसांच्या गाडीत बसला. तो कुठे आहे तेवढं सांगा. मग मत मागा.”

हे माइक सोडून खाली आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, “आई, माझ्याही घरातला एक मुलगा असाच गेला. माझा सख्खा भाचा. माझ्या ताटात जेवलेला. तो बहकला, त्या लोकांना जाऊन मिळाला, सरहद्दीपार गेला. मी मामा म्हणून त्याला सूट दिली नाही. त्यापायी माझ्या बहिणीने माझं तोंड बघणं सोडलं. मला तुमचं दुःख कळतं.”

आपा, सगळा तंबू रडला. मीही रडले. म्हातारी तेवढी रडली नाही. ती म्हणाली, “मी हारूनचं विचारलं होतं,” आणि काठी टेकत निघून गेली. ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

यांचा प्रचार सांभाळणारा वासिक म्हणून एक तरुण आहे, हिंदुस्थानात शिकून आलेला, फार हुशार. तो त्या संध्याकाळी म्हणाला, “साहेब, हीच गोष्ट. विरोधक तुमचा भाचा तालिब म्हणून ओरडतायत, तेच आपण उलटवायचं. फक्त तुमच्या बहिणीने दोन वाक्यं बोलायला हवीत. मशहदमध्ये मोबाइलवर घेतलं तरी चालेल.” मग मला बोलावलं. बाईने बाईला लिहिलेलं बरं, असं ठरलं.

तर मला तुम्हाला हे लिहायला सांगितलंय: तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणावं की माझा मुलगा समीम वाईट संगतीला लागून पळून गेला, त्यात माझ्या भावाचा काही दोष नाही, त्याने देशापुढे नातं बघितलं नाही, मी त्याला माफ केलंय.

लिहून झालं. आता माझं लिहिते.

मी आधी नाहीच म्हणाले. वासिक गेल्यावर यांना म्हणाले, “अहो, मी हे आपाला लिहिणार नाही. तो पोरगा कुठेतरी जिवंत असेल, उद्या त्याच्या आईचे हे शब्द त्याच्या कानावर पडले तर त्याने कुठे जावं? परत यायचा रस्ता तरी असू द्या त्याला.”

हे चहा पीत होते. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “त्याच्या कानावर काही पडणार नाही, मस्तूरा. तू निश्चिंतपणे लिही.”

“का नाही पडणार?”

“तो कुठेच नाही.”

माझी अडचण दूर करायची म्हणून बोलले, आपा. अगदी सहज. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि मग त्यांनी पेल्यावरचा हात काढलाच नाही.

थोडं थांबते. पाणी पिऊन येते.

हे पुढचं कसं लिहावं ते मला कळत नाही. तुम्ही निगारला जवळ बोलवा. एकटीने वाचू नका.

समीम कुठे गेला नव्हता. सरहद्द नाही, वजिरिस्तान नाही, कुठेच नाही. तो आमच्याकडे राहत असताना दर वेळी दारात त्याची झडती व्हायची, आठवतं ना? आत येऊन म्हणायचा, “मामी, माझ्याच मामाच्या घरी यायला माझे खिसे उलटे करतात. अंदराबला निदान कुत्रं तरी ओळखून गप्प बसायचं.” त्याच कंटाळ्याने तो विद्यापीठाच्या वसतिगृहात गेला. तिथे त्याच्या खोलीत जो मुलगा होता त्याचा फोन कुठल्यातरी स्फोटाच्या तपासात सापडला. त्या मजल्यावरची सगळी पोरं उचलली. हे तेव्हा खात्याचे उपप्रमुख. सकाळी जेवणघरातच फोन आला, मी समोर होते, पण कोणाबद्दल ते मला कळलं नाही. मी फक्त यांचं वाक्य ऐकलं, “माझा कुणी आहे म्हणून सूट देऊ नका. नियमाप्रमाणे चालू द्या.” फोन ठेवून यांनी मलाई मागितली. मला वाटलं, कुणा ओळखीच्याचं काम असेल. किती सरळ माणूस, असंसुद्धा वाटलं.

तिसऱ्या दिवशी समीम गेला. हृदय थांबलं, असं यांना सांगण्यात आलं. मी म्हणाले, “एकोणीस वर्षांच्या पोराचं?”

मी विचारलं, त्याच्यावर काही निघालं का? म्हणाले, “नाही. पुढे खरा माणूस सापडला. समीमला काही माहीत नव्हतं. त्याची फक्त खाट त्या खोलीत होती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तोवर वर सगळ्यांना कळलं होतं की मी सख्ख्या भाच्याला सूट दिली नाही. परदेशी पाहुण्यांसमोर माझी ओळख तशीच करून दिली जायची. त्यावरच मला प्रमुख केलं. आता काय सांगणार होतो, की पोरगा निर्दोष होता आणि खाली मेला?”

मी म्हणाले, “खाली म्हणजे?”

हे म्हणाले, “तळघरात. मी वरच्या मजल्यावर होतो. तो मामाला बोलवा म्हणत होता. मला नंतर सांगितलं त्यांनी.”

आपा, हे वाक्य तुम्हाला लिहावं की नाही, यावर कालचा अख्खा दिवस गेला. शेवटी वाटलं, ते माझ्याकडे ठेवून घ्यायचा मला काय हक्क? तो तुमचा मुलगा आहे. त्याचं शेवटचं बोलणंही तुमचंच.

मी म्हणाले, मला ती जागा बघायचीय. नको म्हणाले, निवडणूक होऊ दे म्हणाले. मी ऐकलं नाही. मग परवा एका सभेला जाताना गाडी वळवली. देह सब्जकडे वीटभट्ट्या संपल्या की उजव्या हाताला एक बोडकी टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी बारा-पंधरा उंचवटे. नाव कशावरच नाही. यांनी न शोधता, सरळ चालत जाऊन एक दाखवला. उशाला पांढरा दगड आहे, तो यांनीच आणून ठेवलेला. मी फातिहा वाचला. यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

मी विचारलं, “त्याला आंघोळ घातली होती का? कफन होतं?”

“मी घातली,” म्हणाले. “माझ्या हातांनी. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कफन मी आणलं. त्याच्या डाव्या पायाला लहानपणी तंदूरचा चटका बसला होता ना, तो डाग तसाच होता.”

मला यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त म्हणाले, “आणि मग तेच हात घेऊन आपासमोर कसे गेलात? ती दारात उभी होती, माझा मुलगा शोधून दे म्हणत होती. तुम्ही तिला म्हणालात, ‘तुझ्या पोराने खानदानाला काळं फासलं, पुन्हा त्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.’ मी ऐकलंय ते.”

“तिच्याकडे बघता येत नव्हतं,” म्हणाले. “ती अजून एक दिवस जरी माझ्या घरात राहिली असती, तर मी बोललो असतो. म्हणून भांडण उकरून काढलं. तिने जावं म्हणून.”

त्या भांडणाने तुम्ही देश सोडलात. तुमचा मुलगा गद्दार म्हणून नातेवाइकांनी तुमच्याकडे येणं सोडलं, निगारचं ठरलेलं लग्न मोडलं. तुम्ही म्हणत होतात, माझा समीम असं करणार नाही. तुमचंच खरं होतं, आपा. पहिल्या दिवसापासून. एवढं कुणीतरी तुम्हाला लिहून द्यायला हवं होतं, ते मी देते.

परतताना गाडीत हे म्हणाले, “मतदान होऊ दे, पुढच्या आठवड्याचा तर प्रश्न आहे. निवडून आलो की मी स्वतः मशहदला जाईन. तिचे पाय धरीन. तू तोवर ते पत्र पाठव, वासिक सांगतोय तसं. नंतर सगळं खरं सांगू.” आणि मग माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. सभेच्या आधी डोळे धुतले, आणि त्या सभेतही छान बोलले. तुमच्या गरम नानचं सांगितलं.

नंतर म्हणजे कधी? इतकी वर्षं नंतरच चाललं होतं. निवडून आले की मंत्रिपदाचं निघेल, मग त्याच्यानंतर. माझा यांच्या रडण्यावर विश्वास आहे, खरंच आहे. यांच्या ‘नंतर’वर नाही. आणि तुमच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर, तुमच्या गेलेल्या पोराला गद्दार म्हणवून घ्यायचं, आणि त्या कामाला मी यायचं, हे माझ्याने होणार नाही.

म्हणून हे आत्ता लिहितेय. पत्र मतदानाच्या आधी तुमच्या हाती पडावं असं बघितलंय. हे तुम्ही कुणाला दाखवलंत, तर यांची निवडणूक तिथेच संपली. कदाचित त्याहून जास्तच काही संपेल. यांचे जुने सहकारी अजून जागेवर आहेत, आणि तळघराचं नाव निघालेलं त्यांना आवडणार नाही. मला ते समजतं. गप्प राहा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. बोला, असंही नाही. करीमला तुम्ही वाढवलंत आणि समीमला तुम्ही जन्म दिलात, यात मी कोण बोलणार?

फझीलाची बस हेरात सोडून पुढे गेली की मी यांना सांगणार आहे, काय लिहिलं ते. त्याआधी नाही. कधीकाळी हे अख्ख्या देशाची पत्रं थांबवू शकायचे. हे एक थांबू नये. मग जे काय बोलायचं ते मला बोलतील. मी यांना सोडून जाणार नाही. जायला जागा नाही म्हणून नव्हे, या वयात माणूस असा अर्धा टाकून जाता येत नाही म्हणून. पण समीमच्या टेकडीवर मी दर शुक्रवारी जाणार, आणि यांना विचारून जाणार नाही. त्या म्हातारीलाही शोधतेय. हारूनचंही इथे कुणाला तरी ठाऊक असेल.

वसंतात रस्ते बरे असतात. यावंसं वाटलं तर या. माझ्या घरी उतरू नका हवं तर, फझीलाकडे उतरा. मी टेकडीपाशी येईन, आणि तुम्ही सांगाल तेवढ्या लांब उभी राहीन.

निगारने शकीबाला एकदा सांगितलं होतं, की तुमचा काबूलचा जुना नंबर तुम्ही अजून चालू ठेवलाय. समीमला तो एकच पाठ होता म्हणून. झोपतानासुद्धा तो फोन हातात असतो.

आपा, तो आता बंद केलात तरी चालेल.

समीमची मामी,
मस्तूरा