खालून सातवं नाव

प्रिय आई,

परवा मतदान आहे आणि तुझं नाव पत्रकावर छापून आलंय. म्हणून लिहायला बसलो. तुला जाऊन आठ महिने झाले, एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही. दिवस घातले, फोटोला हार घातला, मोकळा झालो. आज मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, आणि जिला सांगायचं ती तूच आहेस. तुझ्या सुनेला, सुनंदाला, अजून बोललो नाही. तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत आहे.

दुपारीच गिरणी बंद केली. तुझ्याच स्टुलावर बसलोय. बाहेर भोंगे चालू आहेत, एक रिक्षा गेली की दुसरी येते.

तुझी तार आहे तिथंच आहे, स्विचच्या बोर्डाशेजारच्या खिळ्याला. दुकानदार लोक तारेत बिलं खोचतात, तू निवडणुकीची पत्रकं खोचायचीस. तीही सगळी नाहीत. नुसता फोटो आणि हात जोडलेले असले की ते पत्रक डब्याखाली अंथरायला जायचं. वर ‘जाहीर पाठिंबा’ आणि खाली नावांची यादी असली तरच ते तारेत. किती चिडायचो मी! पुंडलिकनगरातल्या सगळ्या गिरण्यांत गहू दळतात, आमच्याकडे उमेदवार दळतात, असं मी लोकांना सांगायचो. तू हसायचीस आणि तुझं चालूच.

चौथी शिकलेली तू. पीठ लागलेलं बोट एकेका नावाखालून फिरवायचीस आणि यादी संपायला चहा गार व्हायचा. एकदा मी तुझ्या हातातून पत्रक ओढून घेतलं आणि भराभरा वरून वाचून दाखवायला लागलो. काय म्हणालीस आठवतं?

“दत्ता, वरून नको वाचू रं. वर नुस्ता फोटू हाय. माणसं खाली हायत. खालून वाच.”

मग तारेतून मागच्या निवडणुकीचं पत्रक काढायचीस, नव्याच्या शेजारी ठेवायचीस. हा माणूस मागच्या खेपेला कुणाच्या मागं होता, आता कुणाच्या मागं आहे, आणि मधल्या काळात त्याच्या दारापुढं काय झालं. डबे घेऊन बसलेल्या बायका विचारायच्या, काकू, मत कुणाला द्यावं? तू कधी सांगितलं नाहीस. “ह्ये बग ह्ये कागद, आन् ह्ये बग त्ये. आता तुजं तू बग,” एवढंच. मी म्हणालो, आई, तू निवडणूक आयोग आहेस का? तर म्हणे, “आयोगाला आपली गल्ली ठावं हाय का?”

हे खूळ तुला कुठं लागलं ते मला माहीत आहे. करमाडच्या अलीकडं आपल्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. मी तेव्हा तिसरीत असेन. आडव्या बाटलीला गावातल्या कर्त्या पुरुषांचा पाठिंबा, असं पत्रक पारावर लागलं आणि तुम्ही बायका खूश झालात. पुरुषच म्हणतायत म्हटल्यावर कशाला घरोघरी फिरायचं? मतदान झाल्यावर तुला दुकानदाराचं पत्रक सापडलं, दुकान राहू द्या म्हणणारं. त्याच्यावर त्याच चार माणसांची नावं होती. त्यातलं एक आपल्या काकांचं. थोडक्या मतांनी बाटली उभीच राहिली. त्या दिवशी तू चुलीपुढं बसून रडलीस आणि आम्हाला वाटलं, धूर लागला. त्यानंतर एका कागदावर तू कधी भरवसा ठेवला नाहीस. शेजारी दुसरा लागायचाच.

आणि मी? मी तुझाच मुलगा, गिरणीच्या पिठात वाढलेला. मला दोन कागद शेजारी ठेवायला काय झालं होतं गं?

खड्ड्याबद्दल लिहायलाच हवं. पाइप टाकायला म्हणून सुदाम ठेकेदारानं आपल्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा खोदला आणि तसाच सोडून दिला. ना पत्रा, ना दिवा. जेसीबी त्याचा, माणसं त्याची. तो माजी नगरसेवकाचा माणूस, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. तू मला म्हणालीस, दत्ता, एक अर्ज लिही, गल्लीच्या सह्या घेऊ. मी म्हणालो, लिहितो. दुसऱ्यांदा म्हणालीस, मी म्हणालो, लिहितो म्हटलं ना! तिसऱ्यांदा तू म्हणालीच नाहीस. वहीचा कागद फाडून वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःच लिहिलास आणि स्वतःच दारोदार निघालीस. चौदा सह्या झाल्या होत्या. पंधराव्या घराकडं जाताना, ऐन संध्याकाळी, तू त्याच खड्ड्यात पडलीस.

वर काढलं तेव्हा कागद तुझ्या मुठीत होता. खुबा मोडला होता आणि तू मला म्हणत होतीस, कागद धर, कागद चिखलात पडंल. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं आली आणि खड्ड्याभोवती लाल फडकं बांधून गेली. तू काही परत उठली नाहीस. एकविसाव्या दिवशी गेलीस.

त्या कागदावर चौदा सह्या आहेत आणि त्यात माझी नाही. मी घरातलाच, माझी कधीही घेता येईल असं तुला वाटलं असेल. की तू मुद्दाम मागितली नाहीस? मागितली असतीस तर मी म्हणालो असतो, थांब, जेवण झाल्यावर करतो.

आता खरं सांगायचं ते. इतक्या वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली. आता एका प्रभागातून चार जण निवडायचे, म्हणून प्रत्येकाला चार-चार मतं आहेत, आई. चार बटणं, चार फोटो, चार याद्या! तुला तार पुरली नसती. तर आपल्या भागातून माजी नगरसेवकाविरुद्ध एक नवा उमेदवार उभा राहिला. तरणा, गोड बोलणारा. गारखेड्यातल्या सभेत त्यानं उघड्या खड्ड्यांवर अर्धा तास भाषण केलं आणि मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मला वाटलं, हाच. हाच माझ्या आईचा हिशेब चुकता करणार.

पंधरा दिवसांपूर्वी त्याचा माणूस गिरणीवर आला. इथंच, पोत्यावर बसला. “दत्ताभाऊ, काकूला सगळी गल्ली मानायची. काकू शेवटी काय म्हनल्या व्हत्या का हो? निवडणुकीचं वगैरे?”

तू शेवटचं मला काय म्हणालीस ते मला चांगलं आठवतं. दवाखान्यात, सलाइन लावलेला हात उचलून म्हणालीस, “गिरणीचा पट्टा ढिल्ला झालाय, बदलून घे.” तेव्हा निवडणुकीचा पत्ताही नव्हता. पण मी त्या माणसाला काय सांगितलं माहीत आहे?

मी म्हणालो, हो, म्हणाली होती. म्हणाली, आता नवा माणूस पायजे.

कुणी माझा गळा धरला नव्हता. काही मिळणारही नव्हतं. मला नुसता राग होता आणि त्या रागाला तुझं नाव लावलं की तो मोठा दिसत होता. खरं तर आणखी एक आहे. तो माणूस मला दत्ताभाऊ म्हणत होता आणि माझ्याकडं वाकून ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून आलेली गोष्ट कुणीतरी लिहून घेत होतं.

आज सकाळी पत्रकं आली. वर त्याचा फोटो, खाली पाठिंबा देणाऱ्या नागरिकांची यादी. तुझं नाव आहे, नावाआधी ‘कै.’ आणि नावापुढं कंसात ‘शेवटची इच्छा’. मला बरं वाटलं, आई. लपवत नाही. मी ते पत्रक घेतलं आणि मोठ्या कौतुकानं तुझ्या तारेत खोचायला गेलो. हात तारेला लागला आणि काय झालं कोण जाणे, मी ते खालून वाचायला लागलो. बोट फिरवत, तुझ्यासारखं.

खालून सातवं नाव तुझं. आठवं नाव सुदाम ठेकेदाराचं.

आधी वाटलं, दुसरा कुणी असेल. तारेतून मागच्या वेळचं माजी नगरसेवकाचं पत्रक काढलं. पीठ झटकलं, शेजारी ठेवलं. तेच नाव, तेच आडनाव, पुढं तेच ‘बांधकाम व्यावसायिक’. आणि तो एकटा नाही. खालून वाचत गेलो तर नऊ नावं तीच निघाली. फोटो तेवढा बदलला. तुला जिथं पाडलं तो खड्डा ज्यानं खोदला, त्याच्या मांडीला मांडी लावून मी तुला बसवलं. तुला हे चहा गार व्हायच्या आत दिसलं असतं.

एकदा एका पत्रकावर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या गुरुजींचं नाव तू पकडलं होतंस. जुनी यादी उतरवून काढली होती कुणीतरी. तू तेव्हा म्हणालीस, “मेल्यावं बी मान्साला निवांत बसू देईनात.” आपण सगळे हसलो होतो. त्यांनी निदान चुकून तरी केलं होतं.

मी तसाच त्याच्या प्रचार कार्यालयात गेलो. म्हणालो, आईचं नाव काढा. तोच माणूस होता, खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. “अहो भाऊ, वाटून झाली की सगळी. आन् काकू थोडीच येनार हाय तक्रार करायला?” बाजूचे दोघं हसले. मला वाटलं होतं मी टेबल उलथं करीन. माझा स्वभाव तुला माहीत आहे, घरात मी ताटं फेकली आहेत. तिथं मी नुसता उभा राहिलो. मग त्यांनी चहा मागवला आणि आई, मी तो चहा प्यालो.

परत आलो तर मंगलबाई ज्वारीचा डबा घेऊन दारात. समोरच्या, तुझ्या त्या कागदावर पहिली सही करणाऱ्या. हातात तेच पत्रक.

“काकूनं जाता जाता सांगून ठिवलं म्हन की,” त्या म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. “आमी समद्या त्यालाच देनार बगा. काकूनं म्हनल्यावर मंग काय इचारायचं राह्यलं? लई बगून-सवरून बोलायची ती.”

सगळ्या म्हणजे किती असतील? गल्ली, मागची गल्ली, त्यांच्या लेकी-सुना. तू जन्मभर एकीलाही मत कुणाला द्यायचं ते सांगितलं नाहीस आणि आता मेल्यावर सगळ्यांना सांगते आहेस. मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण मी पट्टा चढवला, बटण दाबलं आणि गिरणीच्या आवाजात ज्वारी दळून दिली. डबा उचलताना त्यांनी मला आशीर्वाद दिला. त्या गेल्या आणि मी शटर ओढून घेतलं.

तू असतीस तर मारलं असतंस का मला? नसतं मारलंस. दोन दिवस बोलली नसतीस, ते मारण्यापेक्षा वाईट. आता तर कायमचीच बोलत नाहीस.

मघाशी तुझ्या ट्रंकेतून तो सह्यांचा कागद काढला. मुठीतल्या घड्या अजून तशाच आहेत, एका कोपऱ्याला चिखल वाळलाय. तुझा खड्डा बुजवला गं, तू गेल्यावर चार दिवसांत बुजवला. पण पुढच्या वळणावर तसाच दुसरा उघडा आहे. मंगलबाईंची नात रोज त्याच्या कडेनं शाळेत जाते.

मत कुणाला देऊ ते मला आज माहीत नाही. सगळ्यांच्या याद्या आता शेजारी ठेवून बघतो, खालून. एकही धड निघाली नाही तर तसं म्हणायचंही बटण असतं. ते परवाचं परवा.

उद्याचं मात्र वचन देतो. ‘लिहितो म्हटलं ना’ म्हणायचो ते नव्हे. उद्या सकाळी सातला गिरणी उघडतो. जुनं आणि नवं पत्रक दारात शेजारी शेजारी लावतो, आणि नुसते कागद लावून सुटत नाही. आधी मंगलबाईंच्या घरी जातो, मग जी बाई डबा घेऊन येईल तिला तोंडानं सांगतो, की आईनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, खोटं मी बोललो. बायका थुंकतील माझ्यावर. दळण दुसरीकडं नेतील. नेऊ देत. सुनंदाला आज जेवायच्या आधी सांगतो. आणि त्याच बायकांपुढं तुझा कागद ठेवतो, दुसऱ्या खड्ड्यासाठी. माझ्यासारख्याच्या हातून त्या सही करतील का, कुणास ठाऊक. पण माझ्या सहीशिवाय तो कागद फिरवणार नाही. तुझ्या चौदा सह्यांच्या खाली मी आत्ताच सही केली आहे, पीठ लागलेल्या हातानं.

तू वाचशील तेव्हा खालूनच वाचशील. पहिलं नाव माझं लागेल.

तुझाच,
दत्ता