सुंदर बटण आणि रेनाटाचे बुधवार

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
आमच्या कंपनीच्या ॲपमधलं साधं बटण आजपासून बंद. डायलिसिस झाल्यावर पेशंटांनी घरी जायला गाडी बोलवायची, ती आता माझ्या खास बटणानं. दाबलं की पाण्यावर तरंग उठावा तसं उमलतं. पूर्ण तीन सेकंद. पुन्हा दाबलं की गाडी रद्द. एका बटणात दोन कामं! अख्ख्या ड्युलुथ शहरात असं दुसरं नसेल.
संकल्प: कोड कोणाला दाखवायचा नाही. रेनाटाला तर नाहीच.

११ जानेवारी, गुरुवार.
रेनाटा ओचोआ, शेजारच्या टेबलावरची, येऊन जेमतेम चार महिने झालेत. विचारते, तरंग जरा लवकर आटपता येईल का. का बरं? मी म्हणालो, चांगल्या कामाला वेळ लागतो. ती हसली. ते हसणं काही सरळ नव्हतं.
स्क्रीन भिंतीकडे वळवली. वाकून वाकून बघताना मान धरली.

१६ जानेवारी, मंगळवार.
गाड्या आपोआप रद्द होतात म्हणून एकतीस तक्रारी. एकतीस माणसं एकदम चुकतील? माझ्या कोडला कोणाचा तरी हात लागतोय. पासवर्ड बदलला.
दुपारी ३. नवा पासवर्ड आठवेना. रेनाटानं दोन मिनिटांत उघडून दिलं. तिला कसं जमलं, हा प्रश्न उरतोच.

१७ जानेवारी, बुधवार.
जेवणाच्या सुट्टीत रेनाटा न जेवताच गायब. गेल्या बुधवारीही तेच. त्याआधी आमच्या बॉसच्या, ग्लेनच्या खोलीत दार लावून बोलणं. मी आत गेलो, तर दोघं थंडीबद्दल बोलायला लागले. जानेवारीत, इथे, थंडीबद्दल नवीन काय बोलणार?
दुसऱ्या कंपनीला माझं बटण विकतेय. पुढच्या बुधवारी पाठलाग.

२४ जानेवारी, बुधवार.
केला. ती गेली डायलिसिस सेंटरात. पेशंटांशेजारी बसून एकेकाला माझंच बटण दाबायला लावत होती.
आर्वो नीमी म्हणून एक आजोबा होते. बोटं थरथरतात, एकदा दाबायला जातात तर दोनदा लागतं. गेल्या आठवड्यात गाडी येतेय म्हणून पाऊण तास बाहेर बाकावर बसले. बर्फाळ थंडीनं कानाची पाळी काळी पडलीय. मला पाहून म्हणाले, "बटण करणारा कोणी पोरगा असणार. हात ऐकेनासे होतात, हे त्याला काय ठाऊक?"
मी छप्पन्न वर्षांचा आहे. रेनाटानं माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. यातही तिचा काही डाव असेल.
कानाकडे बघवलं नाही.

२५ जानेवारी, गुरुवार.
हात थरथरवून अकरा वेळा दाबलं. नऊ वेळा रद्द. मला नीट थरथरता येत नसावं.
ग्लेनकडे गेलो, रेनाटाबद्दल कानावर घालायला. तोच म्हणाला, "मी तुला या कामावरून काढणार होतो, व्हर्न. तीच अडून बसली. म्हणाली, त्याला एकदा पेशंट दिसू देत, तो स्वतःच बदलेल."
म्हणजे पाठलागसुद्धा तिनंच करवून घेतला.
बटण काढून टाकलं. माझ्या हातानं.

३१ जानेवारी, बुधवार.
साधं, मोठं, चौकोनी बटण लागलं. रद्द करायला वेगळं. आर्वो आजोबांनी जाड हातमोज्यासकट दाबलं आणि गाडी आली.
मीटिंगमध्ये ग्लेननं विचारलं, व्हर्नच्या कामातलं काही उरलं का? रेनाटा चटकन म्हणाली, "रंग त्याचाच ठेवलाय."
जागेवर येऊन तपासलं. रंगही बदललाय.
भिंतीकडे वळवलेली स्क्रीन पुन्हा तिच्या बाजूला फिरवली.