कोपऱ्यातली रिकामी खोली

दि. ३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे नेहमीइतकं ठीक. सकाळी वाफ घेतो, मग अर्धा तास ते धडधडणारं जाकीट घालून बसतो, मग ऑफिसला जातो. जाकीट चालू असताना चहा पिता येत नाही, हे मी रोज नव्याने शिकतो.

ऑफिसात सध्या वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं काम आहे. गेल्या महिन्यात इस्त्री झाली. तिच्यात मी 'अंगावर घातलेल्या कपड्यांना इस्त्री करू नये' असं एक वाक्य घातलं, तर साहेबांनी विचारलं की असं कोण करतं. मी म्हटलं, माझ्या ताईने केलं होतं, तिच्याच लग्नाच्या दिवशी, माझ्या भाऊजींच्या बाहीला. वाक्य राहिलं.

पुस्तिकेत शेवटी डागांचा तक्ता द्यायचा आहे. तू लाँड्रीत डागांच्या टेबलावर चौदा वर्षं काढलीस, तेव्हा तुलाच विचारतो. रक्ताचा डाग गरम पाण्यात घालावा की गार? उशीचा अभ्रा समज. पांढरा. घाई नाही, पण लवकर कळव.

दुसरं असं की हॉस्पिटलातून मेट्रनबाईंचा फोन होता. कोपऱ्यातली खोली बारा तारखेला मोकळी होते आहे. यादीत माझा नंबर पहिला, तुझा दुसरा. मला या महिन्यात मान वर करायला सवड नाही, तेव्हा तू जा आणि दोन आठवडे शिरेतून औषधं घेऊन ये. आधी मी गेलो तर माझ्यामागे ती खोली धुऊन पुसून आणखी कितीतरी दिवस बंद ठेवतात. एकाच आजाराची दोन भावंडं, पण माझ्या फुप्फुसातला जंतू तुझ्यात शिरला तर तुझं काही खरं नाही. म्हणून तर अकरा वर्षं आपल्याला एका छपराखाली येऊ दिलेलं नाही, आणि फोन केला तर दोघंही खोकतो आणि बोलणं राहून जातं. सिस्टिक फायब्रोसिसची माणसं एकमेकांना भेटू शकत नाहीत, असं मी परवा ऑफिसात सांगितलं. एकाने विचारलं, मग तुमची संघटना कशी चालते? मी म्हटलं, टपालाने.

आईला म्हणावं, माझ्याकडे यायचा हा पंधरवडाही ताईकडेच काढ. माझ्याकडे रंगकाम निघालं आहे. भाऊजींना नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच चालू ठेवावा.

तुझा धाकटा


दि. ७ सप्टेंबर

चि. खारट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आईच्या नियमाप्रमाणे आधी पाकिटावर इस्त्री फिरवली, मग उघडलं. कागदावरून असले जंतू येत नसतात असं डॉक्टर तिला दहा वेळा सांगून थकले. ती म्हणते, डॉक्टरांना काय जातंय सांगायला. तुझ्या पाकिटाचा डिंक वितळून इस्त्रीला लागतो आणि मग तुझ्या भाऊजींच्या शर्टाला लागतो. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही, पण तुझं पत्र आलं की ते बनियनवर बसतात.

रक्ताला गार पाणी. गरम पाण्याने डाग शिजतो आणि कायमचा राहायला येतो. ताजा असेल तर गार पाणी, मूठभर मीठ (आपल्या आजाराच्या घामातलंही चालेल, खारट्या) आणि अर्धा तास. चोळू नकोस, पसरतो.

आता माझे प्रश्न. डागांच्या तक्त्यात तेल असतं, शाई असते, चहा, गंज, चिखल असतो. तू एकटं रक्त विचारलंस, आणि तेही अभ्र्यावरचं. अरे, माणसं चौदा वर्षं माझ्यासमोर कपडे टाकून खोटं बोलत आली आहेत. एकाने कॉलर दाखवून सांगितलं, सूप सांडलं. लिपस्टिक होती. मी पावतीवर 'सूप' असं लिहिलं. पण तू काही गिऱ्हाईक नाहीस. किती आलं ते चमच्यात सांग. तू पुस्तिका लिहितोस, तुला माप देता येतं.

आणि रंगकाम कसलं? रंगाच्या वासाने तू तीन दिवस आडवा होतोस हे तुझ्या घरमालकालासुद्धा माहीत आहे. आईला मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती आत्ता तुझ्या दारात उभी असती, तुझ्या घरासाठी वेगळ्या ठेवलेल्या चपला घालून.

तेव्हा खोलीत तू जायचंस. मी ठणठणीत आहे. खोकला आहे, पण तो काय, घरचाच माणूस. दुकानात एका हॉटेलचे चारशे पडदे आले आहेत आणि त्यातल्या एकशे दहांवर कशाचे डाग आहेत हे हॉटेलवाल्यालाच सांगवत नाही. भाऊजी म्हणतात, मी पडद्यांपायी मरेन. मेट्रनबाईंना मी आजच लिहून टाकलं आहे की माझं नाव काढा, माझा भाऊ येतो आहे.

जीव लावतोस तसाच लावत राहा, आणि खरं बोल.

तुझी ताई


दि. ११ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरं. एक चमचा. चहाचा.

एक तारखेला, मंगळवारी दुपारी, ऑफिसात, 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये' या वाक्याच्या मधोमध. आधी छातीत उजवीकडे कोमट बुडबुडे आले, मग तोंडाला लोखंडाची चव. मी कागद वाचवले आणि कचऱ्याची टोपली जवळ घेतली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घाबरून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बीट खाल्लं होतं. तेव्हापासून त्या मला रोज बीटाचे गुण सांगतात. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. अभ्रा त्याच रात्रीचा. मी तो गरम पाण्यात घालून मोकळा झालो होतो, तुझं पत्र उशिरा पोचलं. आता तो डाग माझ्याकडे राहायला आहे.

डॉक्टरांना फोन केलेला नाही. केला की ते मला उचलून त्या खोलीत घालणार, आणि खोली तुझी आहे. मागच्या तपासणीत तुझ्या फुप्फुसांची ताकद तेहतीस टक्के भरली, माझ्यांची बेचाळीस. ज्याचं कमी, त्याची खोली. यात वाद घालण्यासारखं काही नाही. तू नाव काढायला लिहिलंस हे कळल्याबरोबर मीही मेट्रनबाईंना लिहिलं की माझंच नाव काढा, माझी बहीण येते आहे. दोन्ही पत्रं वाचून त्या काय ते समजतील. शहाण्या बाई आहेत.

भीती वाटली का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. वाटली. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी बीट सुचलं होतं.

पडदे सोड आणि जा. तुझ्या रागालाही मी लोभातच धरतो.

तुझा धाकटा


दि. २० सप्टेंबर

चि. दोघांस,
अनेक आशीर्वाद.

एकच पत्र लिहिते आहे, खाली कार्बन घालून. कार्बनची प्रत कुणाला आली म्हणून रुसू नये. पाकिटं मी डोळे मिटून भरली आहेत. थोरली या क्षणी माझ्या समोरच बसली आहे, पण तिला तोंडी सांगितलं की ती हो हो म्हणते आणि आपलंच करते, म्हणून तिलाही लेखी. धाकट्याला सकाळी फोन झालाच आहे. हे पत्र पुराव्यासाठी.

आज सकाळी न्हाणीघरात एक बादली सापडली. बादलीत आठ रुमाल. थोरलीने पांढरे रुमाल सोडून गडद तांबडे घेतले तेव्हा मला वाटलं, हौस असेल. पाणी गार होतं आणि गुलाबी होतं. जुलैपासून चाललं आहे, असं ती आता सांगते. विचारलं, भावाला का कळवलं नाहीस. म्हणाली, कळवलं असतं तर तो खोलीत गेला नसता. मग मी तुझं पत्र मागितलं, तेव्हा तुझे चमचेही कळले.

मग मी मेट्रनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खोली बारा तारखेपासून रिकामी आहे. दोघांची पत्रं त्यांनी एकदमच उघडली, दोन्हींवर तारीख नाही. अगोदरचं कुठलं ते त्यांना कळेना. फोन केला तर थोरली म्हणाली तो येतोय, आणि धाकटा म्हणाला ती येतेय. कुणीतरी येईल म्हणून त्यांनी रोज चादर बदलली. आठ दिवस. दोन्ही पोरं रक्त ओकताहेत आणि पलंगावर चादर आराम करते आहे.

लहानपणी तुमच्या बशीत शेवटचं बिस्किट राहायचं. ती म्हणायची त्याला दे, तो म्हणायचा तिला दे, आणि ते मऊ पडून शेवटी मी खायची. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. तुम्हाला वाटून खायला शिकवलं ते माझंच चुकलं. थोडं ओरबाडायलाही शिकवायला हवं होतं.

आता मी ठरवलं आहे ते असं. धाकट्याने उद्या दुपारी बारापर्यंत पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत हजर व्हायचं. थोरलीसाठी मेट्रनबाईंनी तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात एक बाजूची खोली काढली आहे, तिची लिफ्ट वेगळी, माणसं वेगळी. मी मधल्या मजल्यावर बाकावर बसेन आणि वर-खाली जाताना कपडे बदलीन. ज्याला कुणाला आणखी चांगुलपणा करायचा असेल त्याने तो घरी आल्यावर करावा.

माया कमी झालेली नाही. राग आला आहे.

तुमची आई


दि. २५ सप्टेंबर, तिसरा मजला

चि. खारट्यास,
अ. उ. आ.

इथे सगळ्यांच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. ते मला विचारतात, तुमचा कुठला डोळा? मी सांगते, छाती. मग ते सहानुभूतीने दुसरा डोळाही मिटतात. औषधं चालू आहेत, तीन दिवसांत माझे चमचे बंद झाले. पडदे भाऊजी बघतात. म्हणजे नुसतेच बघतात.

तू सोमवारी खालच्या हॉलमध्ये नाव लिहून देताना पुष्कळ रक्त ओकलास, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. दुपारी आई वर आली आणि दारातून म्हणाली, धाकटा पोचला, सगळं ठीक आहे. आवाज अगदी नेहमीचा. पण ती कपडे बदलायला विसरली होती. अकरा वर्षांत ती एकदाही विसरलेली नाही. बाहीवर डाग होता, ताजा, हाताएवढा. मी तिला म्हटलं, आत येऊ नकोस, खाली जा, आणि ते गार पाण्यात घाल. ती गेली. मग मी पलंगावर बसले आणि डागाच्या मापावरून चमचे मोजले.

वाटीभर होतं, असं मंगळवारी कळलं. मांडीतून नळी घालून वाहणारी शीर आतून बंद केली, हेही तेव्हाच. आता बरा आहेस म्हणतात. आता आई सांगते त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून तू लिही.

एक सांगायचं आहे. मी खोली तुला सोडली, ती माया म्हणून सोडली असं सगळे समजतात. मेट्रनबाई तर मला बघून डोळे पुसतात. तसं नाही रे. मला मागे राहायचं नाही. तू गेलास आणि मी उरले, तर चमच्यात विचारलं आणि चमच्यात सांगितलं, असं बोलायला मला या जगात कुणी नाही. आईसमोर एकटीने खोकायचं, हे मला झेपणार नाही. म्हणून तुझी फुप्फुसं टिकवायची आणि स्वतः आधी सुटायचं, असा माझा बेत होता. याला त्याग म्हणत नाहीत, चलाखी म्हणतात. रागाव हवं तर. पण मोठ्याने नको, टाके आणि शिरा सांभाळ.

आहेस तसा राहा, एवढंच मागणं.

तुझी ताई


दि. २७ सप्टेंबर, पहिला मजला

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाके नाहीत, नुसती पट्टी आहे. पाठ दुखते. ताप होता, गेला. कालपासून चमचे शून्य. सोमवारी हॉलमधल्या माणसाने माझ्यापुढे अर्ज धरला होता, त्यात 'तक्रारीचे स्वरूप' असा रकाना होता. तो लिहायची वेळच आली नाही, त्याला दिसलं. नंतर तीन माणसं मला उचलून पळत होती आणि आई माझं डोकं धरून मागे धावत होती. त्या वेळी माझ्या मनात काही मोठं आलं नाही. एवढंच आलं की ताईला आता पत्र कोण लिहिणार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावलो नाही, कारण ती चलाखी माझीही आहे. तेहतीस आणि बेचाळीसचा हिशेब मी मागाहून शोधला. ठरलं होतं त्याच्याही आधी. तुझ्यामागे राहायचं नाही, हे माझं तू लग्न करून गेलीस तेव्हापासून ठरलेलं आहे. तू मोठी म्हणून मला मिळालं ते सगळं तुझ्यानंतर मिळालं. सायकल, घड्याळ, वेगळं कपाट, आजारसुद्धा. ही एक गोष्ट मी तुला आधी मिळू देणार नाही.

तेव्हा असं करू. दोघांनीही आपला हट्ट सोडायचा नाही. तू म्हण, आधी मी. मी म्हणतो, आधी मी. कुणी कुणाला वाट द्यायची नाही आणि दारात अडून राहायचं. आपण भांडत बसलो तर खोली रिकामी राहते, हे मेट्रनबाईंनी सिद्धच केलं आहे. ही दुसरीही राहू दे रिकामी. बदलू दे त्यांना रोज चादर.

लोभ असू दे, आणि तुझं माप खरं लिही.

तुझा धाकटा